बटणाची बंदूक

१२ ऑक्टोबर, सोमवार

तौनोनं आपली दुर्बिणीची बंदूक विकली. मला विचारणं सोडाच, सांगितलंसुद्धा नाही. दुपारी झाडू मारताना भिंतीवरचा खिळा रिकामा दिसला तेव्हा कळलं. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून ती बंदूक त्या खिळ्यावर होती. विचारलं तर म्हणाला, दुर्बिणीचा कंटाळा आला. बायकोचा कंटाळा आला की तिलाही असंच नेऊन विकशील का, असं मी म्हटलं. एरवी हसला असता. आज नुसता खिडकीकडे तोंड करून बसला.

मग म्हणतो, यंदा दोघांत मिळून एकच बंदूक घेऊ, लिव्हरची, चापाखालची दांडी खाली-वर करून गोळी चढवायची ती. तू डावरी आहेस, तुला बरी पडेल. मला? माझा आणि बंदुकीचा संबंध एवढाच की दर नोव्हेंबरात तिनं पाडलेलं हरीण मी कापते, कागदात बांधते आणि फ्रीजरात भरते. हंगाम लागला की सगळं रान परक्या माणसांनी भरतं, आणि हा जेवायला परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो. आता म्हणे मी स्वतः जायचं.

लेंपीनं ही वही दिली आहे. धाकटी बहीण असून मला शहाणपण शिकवते. "अक्का, मनात येईल ते लिहून काढ, म्हणजे फोनवर माझं डोकं खाणार नाहीस," म्हणाली. तर लिहिते. मला भीती वाटते आहे. सप्टेंबरात तौनो दाढ काढायला म्हणून एकटाच बसनं शहरात गेला, आणि दाढ तोंडात ठेवूनच परत आला. तेव्हापासून तो माझ्या तोंडाकडे बघत नाही. बोलताना माझ्या कानाकडे बघतो. माणूस नजर चुकवतो तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी असतं. शिवाय मला एकेक शिकवत सुटला आहे. चेन-सॉ कशी सुरू करायची, विहिरीचा पंप गोठला तर काय करायचं, सौनाचं, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराचं, धुराडं कसं झाडायचं. ज्याला राहायचं असतं तो हे सगळं बायकोला कशाला शिकवेल?

१७ ऑक्टोबर, शनिवार

ट्रेंबाथच्या बंदुकांच्या दुकानात जाऊन आलो. गाडी मी चालवली. हल्ली मीच चालवते, कारण याचा गुडघा दुखतो. गुडघा मात्र जिने चढताना दुखत नाही.

ट्रेंबाथनं दोन बंदुका काढून ठेवल्या. दोन्ही लिव्हरच्या, दोन्ही थर्टी-थर्टी मापाच्या गोळीच्या. एक जुनी, कुणाची तरी वापरलेली, लाकूड हाताच्या घामानं काळं झालेलं. दुसरी नवी. मला म्हणाला, "बाई, डावऱ्या माणसाला हीच बरी. लिव्हर मधोमध असते, तिला उजवं-डावं कळत नाही."

तौनोनं जुनी उचलली आणि डोळे मिटले. डोळे मिटून लिव्हर खाली-वर केली, अंगठ्यानं मागचा घोडा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. देवळात उभा असल्यासारखा. ट्रेंबाथ म्हणाला, "अरे, बंदूक घेतोयस की गाय?" तौनो म्हणाला, ही घोड्याची बंदूक, हिचं सगळं अंगठ्याला कळतं. घोडा खाली, अर्ध्यावर की पूर्ण वर, ते बघावं लागत नाही.

नव्या बंदुकीला घोडा होताच, शिवाय बाजूला एक बटण होतं. बटण आत दाबलं की कुणी चाप ओढला तरी घोडा नुसता पडतो, गोळी सुटत नाही. उलट बाजूनं दाबलं की त्याच्याभोवती तांबडी कडी दिसते, म्हणजे बंदूक सुटेल. मी म्हटलं, मला ही हवी. तौनो उखडला. म्हणाला, बटणं शर्टाला असतात. ट्रेंबाथनंही त्याचीच री ओढली. "खरंय त्याचं. दर वर्षी कुणीतरी इथे येऊन रडतो. हरीण समोर, याचं बटण दाबलेलं, घोडा पडतो टक् करून आणि हरीण पसार. बटण आहे म्हणून निर्धास्त राहू नका." मग तांबडी कडी दिसते का बघायची, त्यात काय एवढं, असं मी म्हटलं तर तौनो जुनीच्या लाकडावरून हात फिरवत राहिला.

मी कधी हट्ट करत नाही. आज केला. बंदूक माझ्यासाठी आहे म्हणतोस तर माझ्या भीतीप्रमाणे घे, नाहीतर नको घेऊ. शेवटी नवी घेतली. दुर्बीण लावायला खाचा होत्या, पण दुर्बीण नको म्हणाला. ताकाला जाऊन भांडं लपवतोय हा माणूस, पण कसलं ताक तेच मला समजत नाही.

२५ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधून आल्यावर खडीच्या खाणीवर गेलो, बंदूक चालवायला. मी केकच्या जुन्या थाळीला भोक पाडलं. तिसऱ्याच गोळीला. खांदा काळानिळा झाला आहे, पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मागची खाच आणि पुढे नळीच्या टोकावरची माशी एका रेषेत आणायची, श्वास सोडायचा आणि चाप ओढायचा नाही, दाबायचा. तौनो चांगला शिकवतो. आवाज चढवत नाही. गोळी कुठे लागली ते मात्र दर वेळी मला विचारायचा.

मग त्यानं घेतली. पहिली गोळी थाळीच्या बाजूनं गेली, दुसरी तर थाळीमागच्या पुठ्ठ्यालाही लागली नाही. म्हणाला, माशी वाकडी आहे. मी म्हटलं, माझ्यासाठी सरळ होती ती तुझ्यासाठी वाकडी कशी झाली? नको ते बोलून बसले. त्याचा चेहरा उतरला. सगळ्या गावात ज्याच्या नेमाला तोड नाही असं म्हणतात, त्याच्यापुढे मी शहाणपणा करायला नको होता. पुरुषांना हे सहन होत नाही.

घरी येऊन बंदूक खिळ्यावर टांगली. मी जाता-येता ते बटण आत दाबते. गोळ्या भरलेल्या नसतात हे माहीत असून दाबते. तौनो चिडवतो, "दाबलंस का तुझं बटण? मग आता सैतान घरात यायचा नाही." म्हणू दे.

३ नोव्हेंबर, मंगळवार

आज किराणा दुकानापुढे पाद्रीबाबा समोरून आले, टोपीला हात लावला, आणि तौनो त्यांना ओळख न देता सरळ पुढे गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी सारवासारव केली. गाडीत बसल्यावर विचारलं, पाद्र्यांशी तुझं काय वाकडं आहे? "कुठे होते पाद्री?" म्हणाला. वर तोंड करून.

लेंपीला फोन केला. ती म्हणाली, "अक्का, स्पष्ट बोलू का? साठीला आलेले पुरुष एकतर देवाकडे वळतात नाहीतर दुसऱ्या बाईकडे. पाद्र्यांना टाळतोय, म्हणजे देव नव्हे." मी तिला मूर्खात काढलं आणि फोन ठेवला. पण शब्द कानातून जात नाही. सप्टेंबरात शहरात कुणाकडे गेला होता हा? आणि बाईकडे जायचं असेल तर जाऊ दे बापडा. पण माझ्या मनात त्याहून वाईट येतं. माणसं हे जग सोडून जायच्या आधी आपल्या आवडीच्या वस्तू देऊन टाकतात, असं मी ऐकलं आहे. त्यानं बंदूक विकली, आणि घरात दुसरी आणली. मी बटण दाबते ते खरं तर म्हणून.

हे मी लेंपीलासुद्धा सांगणार नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

बर्फ पडला. तौनोनं माझ्या कपात कॉफी ओतली ती कप भरून वाहिली, टेबलावरून खाली माझ्या मांडीवर आली, तरी ओतत होता. मी किंचाळले. त्यानं माफी मागितली, फडकं आणलं, आणि पुसलं ते भलतीकडेच. पितो आहे की काय, म्हणून मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. नुसता कॉफीचा वास. निदान पीत असता तर बरं झालं असतं, त्यावर काय करायचं ते मला माहीत आहे.

१४ नोव्हेंबर, शनिवार

उद्या हंगाम. सौना तापवली, दोघांनी अंघोळ केली, पास्ट्या भाजल्या. कणकेच्या पारीत मांस, बटाटे, सलगम. उद्यासाठी चार जास्त केल्या. हंगामाच्या नियमांचं पत्रक तौनोनं मला मोठ्यानं वाचायला लावलं. दर वर्षीचेच नियम, त्याला पाठ आहेत. "तू वाच, मला तुझा आवाज आवडतो," म्हणाला. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा म्हणाला, आणि मला आनंद व्हायच्या जागी धास्ती वाटली.

ठरलं ते असं. पहिली सकाळ त्याची. आमच्याच रानात, कुंपणाच्या शेवटी, सीडरच्या झाडीसमोर त्याच्या बापानं बांधलेलं फळ्यांचं खोपटं आहे. तिथे तो पहाटे जाऊन बसणार. ती वाट त्याला झोपेतही सापडेल. उजाडून बराच वेळ झाला की मी कॉफी आणि पास्टी घेऊन जायचं, मग बंदूक माझ्या हातात आणि तो शेजारी. मी म्हटलं, दोघं बरोबरच जाऊ. नाही म्हणाला. "पहिली सकाळ माझी असू दे, सायमी. एवढी एक." त्या 'एवढी एक'नं मला झोप यायची नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

आज काय झालं ते नीट लिहिते, कारण मला त्याचा नीट अर्थ लागत नाही.

तौनो पहाटे गेला. निघताना मी बंदूक त्याच्या हातात दिली आणि देतादेता सवयीनं बटण दाबलं. त्याला सांगायचं राहून गेलं. तो गेल्यावर मी खिडकीशी उभी. चारी बाजूंनी गोळ्यांचे आवाज येत होते. दर आवाजाला वाटायचं, हा आमच्या रानातला तर नाही? पहिल्या दिवशी पाद्रीसुद्धा रानात असतात, चर्चमध्ये आज आम्हा चार बायकांखेरीज कुणी नसतं. मीही गेले नाही. शेवटी राहवेना. ठरल्यापेक्षा बरीच लवकर निघाले. शिकाऱ्यांना माणूस लांबून कळावा म्हणून असतं ते नारिंगी जाकीट घातलं, नारिंगी टोपी घातली, थर्मास घेतला.

कुंपणाच्या वाटेनं बर्फ गुडघाभर साचला होता, म्हणून मी झुडपांतून आडवी आले. खोपटं समोर दिसत होतं. तौनोच्या टोपीचा ठिपकाही दिसत होता. मी झुडपांत थांबले, बुटात गेलेला बर्फ काढायला वाकले, आणि उभी राहिले. तेव्हा टक् असा आवाज आला. कोरडा, लोखंडाचा. मी चालत त्याच्याकडे गेले.

तो खोपट्यात बसून शिव्या घालत होता. बंदुकीला, ट्रेंबाथला, बटणाला आणि मला. म्हणाला, असा नर आयुष्यात एकदा येतो. झुडपांतून बाहेर आला, थांबला, मान खाली घातली, मान वर केली. छातीवर नेम धरला होता, घोडा चढवला, चाप दाबला, आणि तुझं ते बटण. माझी मान खाली गेली. मी म्हटलं, चूक माझी, मीच दाबलं होतं. कुठे होता तो? "अगं तिथेच, झुडपांत. तू येण्याच्या जरासं आधी." मला हरीण दिसलं नाही. मी तिथेच होते, पण माझं लक्ष बुटाकडे होतं. मी आल्यामुळेच पळालं असेल.

दुपारी बंदूक माझ्याकडे होती. एक मादी आली, तिला सोडलं. तौनो दिवसभर नराबद्दल हळहळत होता. मला वाईट वाटतं आहे. त्यानं एक सकाळ मागितली होती, तीही मी घालवली.

१६ नोव्हेंबर, सोमवार

तौनोची पाठ धरली म्हणून तो आज घरी. उद्या जाणारच म्हणतो. मी म्हटलं, त्या नराचा माग काढून येते. कुठल्या बाजूला गेला ते कळलं तर उद्या उपयोग होईल, आणि माझ्या चुकीची थोडी भरपाई होईल. कालपासून नवा बर्फ पडलेला नाही.

झुडपांत गेले. माझ्या बुटांचे ठसे होते. मी थांबले तिथे बर्फ तुडवलेला होता, वाकले तिथे थर्मासचा गोल उठला होता. तिथून खोपट्याकडे गेलेले माझेच ठसे. हरणाचे खूर नव्हते. मी मोठा फेरा घेतला, मग आणखी मोठा. सशाचे होते. हरणाचे नव्हते.

मी तिथेच बर्फात बसले. खाली वाकलं, मान वर केली, छाती समोर. ती माझी छाती. माझ्या अंगावर नारिंगी जाकीट होतं, डोक्यावर नारिंगी टोपी, उजाडून किती वेळ झाला होता, आणि त्याला मी दिसले नाही. पाद्रीबाबा दिसले नाहीत. केकची थाळी दिसली नाही. कप दिसला नाही. माझ्या कानाकडे बघतो म्हणून मी दोन महिने त्याच्यावर रुसले, आणि त्याला कानाच्या बाजूनंच थोडंफार दिसत असेल हे मला सुचलं नाही. मी एवढी शहाणी, सगळ्या गावाला अक्कल वाटते.

घरी येऊन बंदूक उघडून बघितली, रिकामी होती. गोळ्यांचं खोकं पिठाच्या डब्यात पुरलं. मला त्याचा राग येतो आहे, इतका की भांडी आपटली. आणि भीती वाटते आहे ती मरणाची नाही, ती वेळ टळली. त्याला हे सांगितलं तर त्याचं काय होईल याची भीती वाटते. हो, फार मोठा नर होता, असं म्हणून टाकावं, असंही मनात येतं. पण उद्या तो जाणार, आणि त्या कुंपणाजवळून शेजारची माणसं येतात-जातात. त्यांच्यासाठी कोण बटण दाबणार?

१७ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं.

तो लोकरीची विजार घालून तयार होऊन टेबलाशी बसला होता. मी कॉफी ओतून दिली, समोर बसले, आणि म्हटलं, "तौनो, परवाचं ते हरीण नव्हतं."

"मग काय होतं?"

"मी होते."

तो म्हणाला, गप्प बस, शिंगं बघितली मी या डोळ्यांनी. मी ठशांचं सांगितलं. जाकिटाचं आणि टोपीचं सांगितलं. बुटातला बर्फ काढायला वाकले ते सांगितलं. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा सांगायची हिंमत झाली नसती. तो हळूहळू बसल्या जागी लहान होत गेला. मग त्यानं खिशात हात घातला आणि गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. एक, मग एक, मग आणखी. पिठाच्या डब्याचं मला काय कौतुक वाटत होतं. खिसा रिकामा झाला तरी त्याची बोटं आत चाचपत होती.

मग बोलला. सप्टेंबरात दाढ नव्हती, डोळ्यांचा डॉक्टर होता. नजरेचा मधला भाग गेला आहे, परत यायचा नाही. कडेचं राहील. "तुझं तोंड म्हणजे नुसता धूर दिसतो गं. बाजूला बघितलं की थोडी येतेस." त्याला वाटलं, ओळखीचं रान आहे, घोडा अंगठ्याला कळतो, एक हंगाम निघेल. नाहीच निघाला तर बंदूक मला चालवता येईल, सॉ चालवता येईल, घर थांबणार नाही. झुडपात काहीतरी हललं एवढंच त्याला दिसलं होतं. "शिंगं मीच लावली असतील त्याला," म्हणाला.

मी त्याला नाही नाही ते बोलले. मूर्ख म्हटलं, खोटारडा म्हटलं. दुसरी बाई असती तर परवडली असती, असंही म्हटलं. कुठली बाई, म्हणून त्यानं विचारलं, आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं. बंदूक खिळ्यावरून काढून मी आमच्या निजायच्या खोलीत माझ्या बाजूला ठेवली. ती आता माझी. हरणं मी मारीन, नाहीतर आम्ही यंदा बटाटे खाऊ. डॉक्टरकडे पुढच्या वेळी मी बरोबर जाणार. हे सगळं मी तावातावानं सांगितलं.

कॉफी थंड झाली होती. मी नवी करायला उठले, तेव्हा मागून त्यानं विचारलं, "घोडा पडला त्याचा आवाज तुला आला होता?"

"आला होता."

"इतकी वर्षं या घरात राहून तुला तो आवाज ओळखू आला नाही?"

"आला की."

"मग पळाली का नाहीस, सायमी? सरळ माझ्याकडे चालत का आलीस?"

मी म्हटलं, पळू कशाला? तिथे तू बसला होतास ना.